गाडी बंद पडते, पण नेमकी कधी?

या खेपेच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. गाडी उभी असताना व्यवस्थित चालू राहते आणि गिअर टाकला की बंद पडते. चारही गाड्या जुन्या, पण तऱ्हा वेगवेगळ्या. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून ही चार एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण लिहिणाऱ्या ताईंनी नकळत उत्तरही त्यातच लिहून ठेवलं आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची 1998ची मारुती 800 आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी विकायची नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलंय, 2023 साली पुन्हा पासिंगही करून घेतलं. मी शाळेत जाण्यायेण्यासाठी ती वापरते. न्यूट्रलमध्ये गाडी छान चालू राहते. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की हिसका देते आणि बंद पडते. कधी आठवडाभर काहीच होत नाही, कधी एका चौकात तीनदा होतं. संध्याकाळी दिवे लावून येताना जास्त. कार्बोरेटर दोनदा साफ केला, किट टाकलं, प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या घातल्या, पेट्रोल पंप बदलला. मार्चमध्ये क्लच वायर नवी टाकली होती, ती जड झाली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा बदलली. बॅटरी नवी आहे तरी सेल्फ थोडा संथ फिरतो. चौदा हजार खर्च झालेत. आता सांगताहेत की इंजिनच उतरवावं लागेल. काय करू? (एक शिक्षिका, कराड)

ताई, इंजिन उतरवू देऊ नका. निदान हा अंक हातात ठेवून मी सांगतो त्या गोष्टी बघून होईपर्यंत तरी नको.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. क्लचचं पेडल तळापर्यंत दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. इंजिन आपल्या जागी फिरत राहतं, गिअरबॉक्स वेगळा पडतो. त्या अवस्थेत तुम्ही पहिला गिअर टाका, दुसरा टाका, इंजिनाला त्याचा पत्ताही लागता कामा नये. कार्बोरेटरला गिअर कळत नाही. प्लगला कळत नाही, पेट्रोल पंपाला तर नाहीच नाही. म्हणजे पेडल पूर्ण दाबलेलं असताना नुसता गिअर टाकल्यावर इंजिन हिसका देऊन बंद पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी ब्रेकवर उभी, इंजिन तिला ओढायला बघतंय, आणि ओढवत नाही म्हणून दम टाकतंय. तुमचे चौदा हजारांतले बहुतेक पैसे ज्या भागांवर गेले, त्यांच्याकडे या दुखण्याचा धागाच जात नव्हता.

गॅरेजमध्ये कोणी "गिअर टाकला की बंद पडते" म्हणत आला की मी बोनेट उघडत नाही. मी त्याच्या शेजारी बसतो आणि म्हणतो, बंद पाडून दाखवा. त्या वेळी माझं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे असतं. पेडल खाली असताना बंद पडली, तर दोष क्लचमध्ये. पेडल वर येताना थरथरत, कण्हत बंद पडली, तर इंजिन अशक्त आहे. स्लो स्पीड, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन फिरतं तो वेग, कमी असेल, मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नसेल, हवा कुठून तरी खेचत असेल. आणि चार-पाच फूट जाऊन पट्कन, दिवा विझावा तशी बंद पडली, तर मी इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यावर बसतं ते रबरी टेकू, बघतो. रबर फाटलेलं असलं की ओढ बसताच इंजिन एका अंगाला कलतं, आणि त्याबरोबर एखादी ढिली वायर ताणली जाऊन करंट तुटतो. तुम्ही पत्रात "क्लच पूर्ण दाबून" आणि "हिसका देते" असे दोन शब्द लिहिलेत, तिथेच तीनातले दोन रस्ते मिटले.

खात्री करायला दोन गोष्टी घरीच करा. सपाट जागी गाडी बंद ठेवा, हँडब्रेक काढा, पहिला गिअर टाका. पेडल पूर्ण दाबून धरा आणि भावाला मागून ढकलायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये जाते तशी सहज सरकली पाहिजे. अडत असेल तर क्लच सुटत नाही. मग गाडी चालू करून पाच मिनिटं गरम होऊ द्या. पेडल दाबा, मनात पाच अंक मोजा आणि रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर या पाच अंकांत गिअरबॉक्सच्या आतलं फिरणं थांबतं आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. "खर्र" आवाज आला तर आतला शाफ्ट अजून फिरतोय. पुढच्या गिअरना सिंक्रो, म्हणजे फिरण्याचा वेग जुळवून घेणारी रिंग, असतो, तो अशी चूक झाकून घेतो. रिव्हर्सला तो नसतो, म्हणून चुगली रिव्हर्सच करतो.

आता वाकून पायाखाली बघा. क्लचच्या पेडलमागे मॅट गोळा झालेली नाही ना? हे सांगताना मला माझी एक जुनी चूक लिहिली पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज टाकून मला पाचेक वर्षं झाली होती. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातले गृहस्थ जीप घेऊन आले. दूध संकलनाची गाडी, रोज पहाटे चारला निघायची. तक्रार हीच, गिअर टाकला की बंद. मी क्लचचा अंदाज बरोबर केला आणि लगेच गिअरबॉक्स उतरवला. दीड दिवस गेला. क्लचची प्लेट चांगली, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट चांगली, बेअरिंग चांगलं. सगळं परत चढवलं, तरी तेच. शेवटी माझ्याकडच्या पोराने जीप झाडायला घेतली आणि पेडलखालून दुमडलेली जाड रबरी मॅट ओढून काढली. पेडल दोन इंच आधीच टेकत होतं. त्या गृहस्थांचं दोन दिवसांचं दूध दुसऱ्याच्या गाडीतून भाडं देऊन गेलं होतं. मजुरी त्यांनी न मागता मोजून दिली होती. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन मी ती परत दिली. तेव्हापासून माझ्याकडे क्लचचं कुठलंही काम मॅट उचलल्याशिवाय सुरू होत नाही.

मॅट ठीक असेल तर पुढे चला. तुमच्या पत्रातल्या ज्या ओळी कोणी एकत्र वाचल्या नाहीत, त्या आता एकाखाली एक ठेवतो. सहा महिन्यांत दोन क्लच वायरी गेल्या. बॅटरी नवी असून सेल्फ संथ फिरतो. आणि दिवे लावले की त्रास वाढतो.

क्लच वायर सहा महिन्यांत जात नाही. चांगली वायर कित्येक वर्षं चालते. एक लवकर गेली तर वायर खराब म्हणता येईल, पण पाठोपाठ दुसरीही गेली तर तिला कोणीतरी खराब करतंय. माझा संशय अर्थिंगवर आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स हे बॉडीवर रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह, बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स या तिघांना जोडायला जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी दिलेली असते. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या घरात करंट लागतो, तो त्याच वाटेने परत येतो. दिव्यांचा करंटही अल्टरनेटरकडे परतताना बॉडीतून इंजिनाकडे त्याच वाटेने जातो. पंचवीस वर्षांत त्या पट्टीचे नट गंजतात, तारा एकेक करून तुटतात, कधी गिअरबॉक्सचं काम करताना कोणी पट्टी लावायचीच विसरतं. मग करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनाकडून बॉडीकडे धातूने जोडलेलं अजून काय असतं? क्लचची वायर, अॅक्सिलरेटरची वायर, स्पीडोमीटरची केबल. पेडलपासून थेट गिअरबॉक्सपर्यंत गेलेली क्लच वायर ही त्यातली सोयीची वाट. पण ती एवढ्या करंटासाठी बनवलेली नाही. ती तापते आणि तिच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते गारगोटीकडून आलेल्या एका गाडीत, रात्री. गाडी सेल्फवर कुंथत होती. मी टॉर्च धरून बोनेटखाली वाकलो होतो आणि मालकाला म्हटलं, मारा सेल्फ. त्यांनी मारला, आणि क्लच वायरच्या काळ्या कव्हरातून धुराची बारीक रेघ वर आली. हात लावला तर चटका. वायर काढून कव्हर हॅक्सॉने उभं चिरलं. आतलं पांढरं अस्तर तपकिरी होऊन तारेला चिकटलं होतं, काहिलीच्या कडेला काकवी वाळून बसते तसं. अशी तार पेडल दाबताना अडखळत सरकते, कव्हर स्वतःच दबतं आणि आखडतं, आणि पायाने दिलेली सगळी ओढ क्लच सोडवणाऱ्या फोर्कपर्यंत पोचत नाही. पोचली त्या दिवशी गाडी ठीक, नाही पोचली त्या दिवशी चौकात तीनदा बंद. तुमच्या "कधी आठवडाभर काहीच होत नाही" याचं उत्तर मला त्यात दिसतं.

ऑगस्टमध्ये काढलेली वायर मेकॅनिककडे अजून पडली असेल तर मागून घ्या. एक टोक वर धरून लोंबती ठेवा. आतली तार हाताने मागेपुढे विनासायास सरकली पाहिजे. जड जात असेल तर कव्हर चिरायला लावा आणि स्वतः बघा.

अर्थिंग तपासायला मोठं यंत्र लागत नाही. जम्प स्टार्टची एक जाड केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या एखाद्या उघड्या, स्वच्छ बोल्टवर लावा. पंखा आणि पट्टा यांपासून केबल लांब ठेवा. आता सेल्फ मारा. रोज संथ फिरणारा सेल्फ एकदम तरतरीत फिरला, तर संशय खरा. मल्टिमीटर असलेला इलेक्ट्रिशियन जवळ असेल तर त्याला सांगा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनाच्या धातूला, आणि सेल्फ फिरत असताना व्होल्ट वाच. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. एक किंवा त्याच्या वर गेलं तर त्या वाटेत नक्की अडथळा आहे.

दुरुस्ती पत्रातल्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. पट्टी नवी घाला. ती जिथे टेकते तिथला रंग, गंज, तेल पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. खाली दातेरी वॉशर घाला, नट घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. हे सगळं झाल्यावर मगच तिसरी क्लच वायर टाका. क्रम उलटा केला तर तिसरीही दिवाळीनंतर जाईल. अॅक्सिलरेटरची वायरही काढून बघा, तिलाही झळ लागलेली असू शकते. वायर बसवल्यावर पेडलचा मोकळा खेळ साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर ठेवायला सांगा. त्याहून जास्त ठेवला तर क्लच पुन्हा अर्धवट सुटेल, अजिबात ठेवला नाही तर प्लेट घसरून जळेल. पेडल ज्या पत्र्याला अडकवलेलं असतं तोही चिरलेला नाही ना, हे एकदा टॉर्च मारून बघा. जुन्या गाडीत पेडल दाबल्यावर तो पत्राच वाकतो आणि ओढ वाया जाते.

तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय की सध्या स्लो स्पीड वाढवून दिलाय आणि त्याने थोडा फरक पडला. तो आधी पूर्ववत करून घ्या. फरक पडतो कारण जोरात फिरणारं इंजिन अर्धवट सुटलेल्या क्लचलाही थोडा वेळ ओढून नेतं. पण प्रत्येक वेळी गिअर टाकताना सिंक्रोच्या रिंगा झिजतात, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उघडायची पाळी येते. क्लच सुटत नसताना स्लो स्पीड वाढवणं मला अजिबात पटत नाही.

एवढं करूनही रिव्हर्स खरखरला, तर दोष आत आहे. प्रेशर प्लेटची बोटं झिजली असतील, फोर्कचा शाफ्ट झिजला असेल, प्लेट तिच्या शाफ्टवर सरकत नसेल. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, इंजिनाचं काम काढायची गरज नाही. तेव्हा मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी तेवढीच पडते आणि बेअरिंगसाठी सहा महिन्यांनी पुन्हा सगळं खाली काढावं लागत नाही.

वडिलांची गाडी ठेवायची ठरवलीत, याचा मला मनापासून आनंद झाला. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते लिहीत चला. मार्च आणि ऑगस्ट या दोन तारखा तुम्हाला आठवल्या नसत्या, तर मलाही अर्थिंग सुचलं नसतं.

प्रश्न : माझी होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे, 2002ची. निवृत्तीनंतर गुडघ्यामुळे ऑटोमॅटिकच चालवतो. गाडी गरम झाली आणि एसी चालू असला की ब्रेक दाबून डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकताच आरपीएमचा काटा खाली जातो, गाडी थरथरते आणि बंद पडते. न्यूट्रलमध्ये पुन्हा चालू होते. एका ठिकाणी गिअरबॉक्स पूर्ण उघडायला सांगितलं, सत्तर हजार. आपलं मत? (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक)

काका, वरच्या ताईंना मी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्या गाडीला क्लचचं पेडल नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, मधे तेल. इंजिनाचा पंखा तेल ढवळतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवायला बघतं. डी टाकून तुम्ही ब्रेकवर उभे असता तेव्हा दुसरा पंखा अडलेला असतो आणि इंजिनाला ते तेल ढवळत राहावं लागतं. म्हणजे इथे गिअर टाकल्यावर इंजिनावर खरोखरच ओझं येतं, आणि ते येताच थोडी जादा हवा देऊन आरपीएम सावरायचं काम आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचं. तुमची गाडी थरथरत, काटा उतरत बंद पडते. हे इंजिन अशक्त पडल्याचं लक्षण आहे. म्हणून सत्तर हजारांकडे शेवटी बघायचं.

पहिली तपासणी खुर्चीत बसल्या बसल्या होते. डी टाकताना तुम्ही ब्रेक दाबता, हे विसरू नका. गाडी गरम असताना, एसी बंद, गिअर पी (पार्किंग) मध्ये ठेवून नुसता ब्रेक चार-पाच वेळा दाबा आणि धरून ठेवा. ब्रेक दाबताच आरपीएम ढासळलं आणि पायाजवळ "सूऽऽ" असा हवेचा आवाज आला, तर दोष ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरच्या पडद्यात किंवा त्याच्या होजमध्ये (रबरी नळीत) आहे. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, चालतो. पडदा फाटला की ब्रेक दाबताना जादाची हवा थेट इंजिनात शिरते. अशी गाडी गिअरने बंद पडत नाही, ब्रेकने पडते. दोन्ही क्रिया एकाच वेळी होतात म्हणून चुकीच्या भागावर आळ येतो. शिवाय हा ब्रेकचा प्रश्न आहे, तेव्हा असं आढळलं तर दुरुस्तीपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

तसं झालं नाही तर पी मध्येच एसी चालू करा. कॉम्प्रेसर लागताना इंजिन क्षणभर दबून लगेच सावरलं पाहिजे. सावरत नसेल, तर इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून साफ करायला सांगा. इतक्या वर्षांच्या गाडीत तिथे डांबरासारखा काळा थर बसलेला असतो. हवेचे रबरी पाइप वाकवून बघा, वाकवल्यावर चिरा दिसतात. बॅटरी काढून जोडल्यावर थोडा वेळ आरपीएम वरखाली होईल, कॉम्प्युटर नव्याने सवय लावून घेतो. लगेच स्क्रू पिळायची घाई कोणाला करू देऊ नका.

मग तेल. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून बघतात. होंडाची पद्धत वेगळी आहे. गाडी पूर्ण गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक काढून बघायची. चालू इंजिनावर बघून कोणी कमी म्हणून भर घातली असेल तर तेल आता जास्त असेल. पांढऱ्या कागदावर एक थेंब पाडा. लालसर असेल तर उत्तम. काळपट आणि जळका वास असेल तर काळजीचं. बदलायचं तर होंडाचंच ऑटोमॅटिकचं तेल घाला, दुसऱ्या तेलाने गिअर पडताना दणका बसतो.

गिअरबॉक्सवर संशय घ्यायचा तो एकाच प्रसंगी. डी टाकताना बंद पडतेच, पण चालत्या गाडीला सिग्नलजवळ ब्रेक लावून थांबवतानाही, साध्या गाडीत क्लच न दाबता थांबावं तशी हिसके देत बंद पडते का? तसं असेल तर कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे वेगात असताना दोन्ही पंखे एकत्र जखडणारा भाग, सुटत नाही. तिथेही आधी त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आणि वायरिंग तपासतात, गिअरबॉक्स उघडणं त्याच्या नंतर. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. आणि एक विनंती आहे. इंजिन टिकावं म्हणून डी टाकताना अॅक्सिलरेटर दाबून धरायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा. गाडी अचानक पुढे उसळते, समोर कोण असेल सांगता येत नाही.

प्रश्न : मी मुंबईला नोकरीला, ओम्नी गावी असते. मे महिन्यात लावून गेलो, गणपतीला आलो. इंजिन एका सेल्फला चालू झालं, पण गिअर पडत नाही. जबरदस्तीने टाकला तर गाडी उडी मारून बंद पडते. जाताना सगळं ठीक होतं. (एक वाचक, देवरुख)

कोकणातला पाऊस तीन महिने त्या गाडीभोवती होता. क्लच प्लेट ही फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. दमट हवेत लोखंडाला गंज धरतो आणि प्लेट चिकटून बसते. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागे सरकते, पण प्लेट जागची हलत नाही. काही मोडलेलं नाही, घाबरू नका.

हे सोडवायची गॅरेजमधली रीत सांगतो, पण मोकळं, सरळ मैदान मिळालं तरच करा. वाडीच्या गल्लीत अजिबात नको, आणि जाणता माणूस शेजारी हवा. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा आणि बंद करा. दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवा, सेल्फ मारा. गाडी चालू होईल आणि पुढे जाऊ लागेल. पेडल दाबलेलंच ठेवून अॅक्सिलरेटर थोडा दाबा, सोडा, दाबा, सोडा. उजवा पाय ब्रेकसाठी तयार, एक हात किल्लीवर. प्लेट सुटली की एक छोटा झटका लागतो आणि ओढ एकदम संपते. तीन-चार प्रयत्नांत सुटली नाही तर सेल्फची मोटर जाळू नका, गॅरेजला न्या.

पुढच्या मे महिन्यात जाताना सीट आणि क्लच पेडल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवून पेडल दाबलेलं ठेवा. ट्रॅक्टरवाले पावसाळ्यात हेच करतात, काही ट्रॅक्टरना त्यासाठी खटकाच दिलेला असतो. मात्र पेडल दाबलेलं असताना गिअर गाडीला धरून ठेवू शकत नाही, आणि हँडब्रेकही लावून जायचा नाही, तोही असाच चिकटतो. तेव्हा चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडे भक्कम ठोकळे लावा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. शेजारी कोणी भरवशाचं असेल तर त्याहून चांगलं. पंधरवड्यातून एकदा गाडी चालू करून अंगणात पुढेमागे केली, तर ठोकळ्याची गरजच पडणार नाही.

प्रश्न : जुनी बुलेट 350, उजव्या पायाच्या गिअरची. सकाळी पहिला गिअर टाकला की "धाड" आवाज येतो आणि बंद पडते. एकदा चालू झाली की दिवसभर त्रास नाही. (एक वाचक, सातारा)

रात्रभर उभ्या गाडीत क्लच प्लेटा तेलाने एकमेकींना धरून बसतात. सकाळी किल्ली न लावता क्लचचा लिव्हर पूर्ण ओढा आणि पाच-सहा किका मारा. पहिल्या एक-दोन किका जड जातील, प्लेटा सुटल्या की किक पोकळ जाईल. मग नेहमीसारखी चालू करा. रोजच जड जात असेल तर लिव्हरचा मोकळा खेळ दोन-तीन मिलिमीटरहून जास्त नाही ना ते बघा आणि प्रायमरी चेनकेसमधलं, म्हणजे क्लच ज्या डब्यात असतो त्यातलं, तेल बदला. एवढं करूनही फरक नसेल तर प्लेटा काढून काचेवर ठेवून बघा. वाकलेली प्लेट काचेवर डुगडुगते.